स्वादुपिंडाचा दीर्घकालीन दाह : तीव्र वेदनेवरील उपचार आणि वेळेचे महत्त्व

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंज ही जुनी वस्ती आहे. मेन बाजार, आराकशां रोड, चुना मंडी या भागांतील स्वस्त लॉज परदेशी पर्यटकांमुळे प्रसिद्ध झाले असले, तरी तेथे उतरणाऱ्यांत उपचारासाठी राजधानीत आलेली कुटुंबेही असतात. मराठी वाचकास हा परिसर नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन यांमुळे परिचित आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीसाठी आलेला उमेदवार आणि रुग्णाची फाइल पिशवीत घेऊन आलेला त्याचा भाऊ येथे एकाच रांगेत चहासाठी उभे असतात. स्थानकाच्या दुसऱ्या बाजूस, अजमेरी गेटकडे, १९६४ मध्ये सुरू झालेले गोविंद बल्लभ पंत रुग्णालय आहे. १९१६ साली स्थापन झालेले लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. स्थानकाखालून जाणारी मेट्रोची पिवळी मार्गिका गाडी न बदलता अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजे एम्सच्या, दारापर्यंत पोहोचविते.

या प्रवाशांमध्ये पोटाच्या एका विशिष्ट दुखण्याचे रुग्ण असतात. वेदना वरच्या पोटात सुरू होते, पाठीकडे जाते, जेवणानंतर वाढते आणि पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसल्यास थोडी कमी होते. स्वादुपिंडाच्या दीर्घकालीन दाहाचे, म्हणजेच ‘क्रॉनिक पँक्रियाटायटिस’चे, हे प्रमुख लक्षण होय. एखाद्या रोगाचे सार्वजनिक महत्त्व त्याने होणाऱ्या मृत्यूंवरून ठरविण्याची प्रथा आहे. त्या मापाने हा विकार मागे पडतो. परंतु तो कमावत्या वयातील माणसाला गाठतो, त्याचे काम सुटते, तो जेवणाला भिऊ लागतो आणि कुटुंबाचा पैसा वर्षानुवर्षे औषधांच्या दुकानात जातो. म्हणून विकासाच्या अभ्यासकानेही या वेदनेकडे पाहणे आवश्यक ठरते.

विकाराचे स्वरूप

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी असलेली, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी आहे. अन्न पचविणारी विकरे लहान आतड्यात सोडणे आणि इन्सुलिन रक्तात सोडणे ही तिची दोन मुख्य कामे. दाह दीर्घकाळ चालल्यास मूळ ऊतींची जागा तंतुमय ऊती घेतात, नलिका कोठे अरुंद तर कोठे फुगीर होते आणि तिच्यात कॅल्शियमचे खडे साचतात. पुढे चरबी पचेनाशी होते, वजन घटते आणि अनेकांना मधुमेह जडतो. झालेली हानी भरून काढणारे औषध आजही उपलब्ध नाही.

पाश्चात्त्य देशांत मद्यपान हे या विकाराचे सर्वांत ठळक कारण मानले जाते. धूम्रपान हे स्वतंत्र कारण असून ते रोगाची गती वाढविते. भारतात मात्र मद्याला कधीही न शिवलेल्या तरुणांमध्येही हा विकार मोठ्या प्रमाणात आढळतो. केरळमधील डॉ. पी. जे. गीवर्गीज यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास अशा रुग्णांचे विस्तृत वर्णन केले आणि ‘उष्ण कटिबंधीय स्वादुपिंडदाह’ ही संज्ञा रूढ झाली. त्या वेळी कुपोषण व कसावा या कंदाकडे बोट दाखविले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या अभ्यासात या दोन्ही कारणांना आधार मिळाला नाही. उलट ‘स्पिंक-१’ व ‘सीएफटीआर’ या जनुकांतील बदलांचा संबंध ठळकपणे दिसला. विद्यार्थ्यांनी हा बदल अवश्य ध्यानात घ्यावा, कारण जुन्या पुस्तकांत कसाव्याचे कारण अजून निश्चित म्हणून छापलेले आढळते. या संशोधनाला सामाजिक बाजूही आहे. ‘पोटाचा हा रोग म्हणजे दारूचाच’ या समजुतीमुळे निर्व्यसनी रुग्णाला, विशेषतः स्त्रियांना, दुखण्यासोबत संशयही सोसावा लागतो.

वेदना कोठून उत्पन्न होते?

उपचारांचे पर्याय समजण्यासाठी वेदनेची उगमस्थाने वेगळी करणे आवश्यक आहे. पहिले उगमस्थान नलिकेतील अडथळा. खडा किंवा अरुंद झालेला भाग यांमुळे स्राव तुंबतो आणि दाब वाढतो. दुसरे, ग्रंथीतील मज्जातंतूंचा दाह. तिसरे उगमस्थान पोटात नसून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू व मेंदू यांत असते. महिनोन्महिने वेदनेचे संदेश पोहोचत राहिले की मज्जासंस्था अतिसंवेदनशील बनते आणि मूळ कारण दूर केल्यावरही वेदनेची जाणीव चालू राहते. घरातील आग विझली तरी धोक्याची घंटा वाजतच राहावी, तसा हा प्रकार आहे.

या तिसऱ्या उगमस्थानामुळेच उपचारांत वेळ निर्णायक ठरते. नलिका मोकळी करण्याचे उपचार पहिल्या उगमावर चालतात. मज्जासंस्थेत वेदना एकदा रुजली की त्यांचा उपयोग कमी होत जातो.

निदानातील विलंबाचे एक साधे कारण येथे नोंदविले पाहिजे. अचानक उद्भवणाऱ्या स्वादुपिंडदाहात रक्तातील अमायलेज व लायपेज ही विकरे वाढतात. दीर्घकालीन विकारात मात्र ती सामान्य असू शकतात. परिणामी ‘तपासणीत काही नाही’ असे ऐकून रुग्ण आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहतो. सीटी स्कॅन, चुंबकीय प्रतिमांकन आणि दुर्बिणीद्वारे केली जाणारी अल्ट्रासाउंड तपासणी यांतून ग्रंथीची स्थिती स्पष्ट होते. वेदना एकाएकी वाढल्यास स्रावाची गाठ, पित्तनलिकेचा अडथळा किंवा कर्करोग नाही ना, हे आधी पाहावे लागते. दीर्घकालीन दाहाच्या रुग्णांत स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

औषधांची पायरी

मद्य आणि तंबाखू पूर्णपणे सोडणे हा पहिला उपचार होय. तो फुकट असला तरी सोपा नाही. व्यसनमुक्तीची मदत न देता केवळ ‘सोडा’ असे सांगणे फारसे उपयोगी पडत नाही. आहाराबाबत जुनी समजूत अशी, की रुग्णाने तेल-तूप जवळजवळ वर्ज्य करावे. आज पुरेसा, प्रथिनयुक्त आहार थोडा थोडा व अनेक वेळा घ्यावा आणि पचनासाठी विकरांच्या कॅप्सूल जेवणासोबत घ्याव्यात, असा सल्ला दिला जातो. या कॅप्सूलनी अन्न पचते व वजन राखले जाते. वेदना कमी करण्याचा त्यांचा गुण मात्र सिद्ध झालेला नाही.

वेदनाशामकांच्या वापरासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या संदर्भात तीन पायऱ्यांची शिडी सुचविली आणि ती पुढे इतर विकारांतही वापरली गेली. पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे ही पहिली पायरी, ट्रॅमाडॉलसारखी सौम्य अफूवर्गीय औषधे ही दुसरी आणि मॉर्फिन ही तिसरी. यांच्या जोडीला मज्जासंस्थेच्या अतिसंवेदनशीलतेवर काम करणारी औषधे दिली जातात. प्रीगॅबालिन या औषधाची ६४ रुग्णांवरील चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीन आठवड्यांच्या उपचारात वेदना काही प्रमाणात कमी झाल्याचे दिसले. गुंगी व चक्कर हे त्याचे दुष्परिणाम होत.

याच पायरीवर दिल्लीतील एका महत्त्वाच्या संशोधनाची नोंद करावी लागते. शरीरातील ऑक्सिडीकारक घटकांमुळे ग्रंथीची हानी वाढते, या कल्पनेवर आधारित चाचणी एम्समध्ये झाली व २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. १२७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास सेलेनियम, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटिन व मेथिओनीन यांचे मिश्रण देण्यात आले, तर दुसऱ्यास तशीच दिसणारी, औषधी गुण नसलेली गोळी. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटात महिन्यातील वेदनेचे दिवस सरासरी ७.४ ने घटले, दुसऱ्यात ३.२ ने. पहिल्या गटातील ३२ टक्के रुग्ण वेदनामुक्त झाले, दुसऱ्यातील १३ टक्के.

या निष्कर्षाने आशा निर्माण झाली. परंतु २०१२ मध्ये इंग्लंडमधील ७० रुग्णांच्या अशाच चाचणीत दोन गटांत फरक आढळला नाही. एकाच औषधाचे दोन निष्कर्ष कसे? दिल्लीतील रुग्णांचे सरासरी वय तिशीच्या आसपास होते आणि बहुसंख्यांत मद्य हे कारण नव्हते. इंग्लंडमधील रुग्ण पन्नाशीच्या आसपासचे, बहुतांशी मद्यपानामुळे आजारी आणि अधिक काळ वेदना सोसलेले होते. रोगाचे नाव एक असले तरी रुग्णसमूह भिन्न असल्यास परिणाम भिन्न येऊ शकतात. भारतीय रुग्णांवरील संशोधन भारतातच का व्हावे, या प्रश्नाचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. ही मिश्रणे तुलनेने निरुपद्रवी असल्याने आपल्याकडे अनेक तज्ज्ञ ती काही महिने देऊन पाहतात. त्यांनाच अंतिम उपचार मानून इतर मार्ग लांबणीवर टाकणे मात्र हिताचे नाही.

दुर्बीण, तरंग आणि शस्त्रक्रिया

औषधांनी वेदना आटोक्यात येत नसेल आणि नलिकेत अडथळा असेल, तर तो दूर करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला दुर्बिणीचा. ‘ईआरसीपी’ या पद्धतीत तोंडावाटे लहान आतड्यापर्यंत दुर्बीण नेऊन नलिकेचे मुख रुंद केले जाते, खडे काढले जातात व आवश्यक तेथे बारीक नळी बसविली जाते. ही नळी काही महिन्यांनी बदलावी लागते. खडा मोठा असल्यास मुतखड्यासाठी वापरतात तसे बाहेरून आघात-तरंग सोडून तो आधी फोडला जातो. या तंत्राचा जगातील मोठ्या अनुभवांपैकी एक हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी या संस्थेत साठला आहे. हजारांहून अधिक रुग्णांवरील तेथील अनुभव २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

या संस्थेने पुढे आपल्याच उपचाराची कठोर परीक्षा घेतली, ही गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे. १०६ रुग्णांपैकी काहींवर प्रत्यक्ष उपचार व काहींवर उपचाराचा केवळ देखावा, अशी तुलना करण्यात आली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार १२ आठवड्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात वेदना थोडी अधिक घटली होती. २४ आठवड्यांनी हा फरक टिकला नाही. म्हणजे खडा निघाला तरी वेदना जाईलच, असे गृहीत धरता येत नाही. वर सांगितलेल्या तिसऱ्या उगमस्थानाशी हा निष्कर्ष जुळतो.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. फुगलेली नलिका लांबीच्या दिशेने उघडून आतड्याला जोडण्याची पद्धत पार्टिंग्टन व रोशेल यांनी १९६० मध्ये मांडली. तीत ग्रंथीच्या शीर्षभागातील रोगट ऊती कोरून काढण्याची जोड फ्रे यांनी १९८७ मध्ये दिली. ‘फ्रे शस्त्रक्रिया’ या नावाने ती भारतातही मोठ्या रुग्णालयांत केली जाते. नलिका फुगलेली नसेल, ग्रंथी सर्वत्र रोगट असेल आणि सर्व उपाय थकले असतील, तर संपूर्ण ग्रंथी काढून तिच्यातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी रुग्णाच्याच यकृतात सोडण्याचा पर्याय आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९७७ मध्ये त्याचा प्रारंभ झाला. तो मोजक्याच केंद्रांत शक्य आहे आणि त्यानंतर आयुष्यभर इन्सुलिन टोचून घेण्याची वेळ येऊ शकते. उदरातील मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन संवेदना रोखण्याचा उपायही काही ठिकाणी करतात, पण या विकारात त्याचा आराम बहुधा काही आठवडे वा महिनेच टिकतो.

दुर्बीण आधी की शस्त्रक्रिया? दीर्घकाळ उत्तर ठरलेले होते : कमी कापाकापीचा मार्ग आधी. नेदरलँड्समधील २००७ च्या एका लहान चाचणीने या क्रमाला पहिला धक्का दिला. ३९ रुग्णांत दुर्बिणीच्या उपचाराने ३२ टक्क्यांना, तर शस्त्रक्रियेने ७५ टक्क्यांना पूर्ण वा अंशतः आराम मिळाला. २०२० मध्ये त्याच देशात ८८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत तीव्र वेदनाशामकांची गरज नुकतीच भासू लागलेल्या रुग्णांना निवडण्यात आले. अर्ध्यांवर लवकर शस्त्रक्रिया झाली. उरलेल्यांना आधी औषधे, मग दुर्बीण आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया, असा रूढ क्रम मिळाला. १८ महिन्यांच्या काळात शून्य ते शंभर या मापावर सरासरी वेदना पहिल्या गटात ३७ आणि दुसऱ्यात ४९ होती.

हे आकडे नीट वाचले पाहिजेत. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना नाहीशी झाली, असे ते सांगत नाहीत. प्रत्येकावर शस्त्रक्रिया करावी, असेही नव्हे. वय, खड्यांची जागा, नलिकेची रुंदी व उपलब्ध शल्यचिकित्सकाचा अनुभव यांवर निवड ठरते. परंतु सर्व उपाय थकल्यावर, वेदनेची पाच-सहा वर्षे उलटल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करणे म्हणजे तिचा सर्वाधिक लाभ मिळण्याचा काळ गमावणे होय. म्हणून पोटविकारतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, वेदनातज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांनी आरंभीच एकत्र बसून निर्णय घ्यावा, असा आग्रह आता धरला जातो. लहान शहरातील रुग्णासाठी यांतील प्रत्येक तज्ज्ञ वेगळ्या जिल्ह्यात असतो, हा यातला अवघड भाग.

मॉर्फिन : कायदा आणि वास्तव

शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे आणि येथे वैद्यकशास्त्र कायद्याला येऊन मिळते. कायदेशीर परवान्याखाली अफूची बोंडे चिरून चीक गोळा करणाऱ्या जगातील मोजक्या देशांत भारताचा समावेश होतो. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील अधिसूचित भागांत ही शेती होते आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया केली जाते. तरीही देशातील रुग्णास मॉर्फिन मिळणे दुरापास्त राहिले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ मध्ये केलेल्या अंदाजानुसार, भारतात उपलब्ध असलेले अफूवर्गीय वेदनाशामक गरजेच्या केवळ ४ टक्के होते.

याचे एक कारण १९८५ चा अमली औषधी द्रव्ये व मनःप्रभावी पदार्थ अधिनियम. गैरवापर रोखण्यासाठी केलेल्या या कायद्यातील शिक्षा कठोर होत्या आणि राज्यागणिक नियम वेगळे होते. एका रुग्णालयास मॉर्फिन ठेवण्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने, तेही एकाच वेळी वैध असलेले, मिळवावे लागत. बहुतेकांनी साठा ठेवणेच सोडून दिले आणि डॉक्टरांच्या पुढील पिढ्यांना हे औषध हाताळण्याचा सराव उरला नाही. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनी याविरुद्ध दीर्घ पाठपुरावा केला. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वर्ग निर्माण झाला आणि त्यासंबंधीचे नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे आला. २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी देशभर एकसारखे नियम लागू झाले. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. ट्रॅमाडॉलच्या वाढत्या गैरवापरामुळे तेही २०१८ मध्ये याच अधिनियमाच्या कक्षेत आणण्यात आले.

मॉर्फिनची उपलब्धता वाढावी, हा एक प्रश्न. ते या विकारात किती द्यावे, हा दुसरा. दोहोंची गल्लत होता कामा नये. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्ण आणि तिशीतला स्वादुपिंडदाहाचा रुग्ण यांची स्थिती भिन्न आहे. दुसऱ्यापुढे अनेक दशकांचे आयुष्य असते. दीर्घकाळ घेतलेल्या अफूवर्गीय औषधांची मात्रा वाढवावी लागते, बद्धकोष्ठ जडतो, अवलंबित्व येते आणि काहींत औषधामुळेच वेदनेची संवेदनशीलता वाढते. तीव्र झटक्यात ही औषधे देणे योग्य आणि मानवी आहे. मात्र महिनोन्महिने त्यांची गरज पडू लागली, तर पुढच्या उपचाराचा निर्णय तातडीने घेण्याची ती खूण समजावी.

खर्चाची बाजू

२०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते आणि लाभार्थ्यास देशातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात उपचार घेता येतात. दिल्ली या योजनेत २०२५ मध्ये सहभागी झाली. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. परंतु या योजनांची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. पंतप्रधान योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन व घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस धरले जातात. दीर्घकालीन वेदनेचा खर्च याबाहेर पडतो : दररोजची विकरांची कॅप्सूल, मज्जातंतूंवरील औषधे, मधुमेहाची तपासणी, दर काही महिन्यांनी नळी बदलण्यासाठीचा प्रवास आणि पहाडगंजातील खोलीचे भाडे. पुढील तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली, तर कुटुंबापुढे दोनच मार्ग राहतात : गावी परतून पुन्हा येणे किंवा शहरातच थांबणे. दोन्हींत मजुरी बुडते.

२०१५ पासून ऑनलाइन नोंदणीची सोय झाल्याने पहाटेची रांग काही प्रमाणात टळली. जनऔषधी केंद्रांमुळे मधुमेहाची व काही वेदनाशामक औषधे स्वस्त मिळू लागली. दूरदृश्य सल्ल्याद्वारे जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरने मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांशी बोलून नळी बदलण्याची वेळ ठरविली आणि औषधे तेथूनच दिली, तर दिल्लीच्या फेऱ्या कमी होतात. त्यासाठी जुने सीटी स्कॅन, दुर्बिणीच्या उपचारांचे अहवाल आणि नळी कधी बसविली त्याची तारीख रुग्णाजवळ असावी लागते. विसरलेली नळी तुंबून जंतुसंसर्ग झाल्यास रुग्ण ताप व असह्य वेदनेसह तातडीच्या विभागात पोहोचतो, आणि त्या वेळी डॉक्टरचा पहिला प्रश्न त्याच तारखेविषयीचा असतो.